जॉन म्यूर ट्रेल दोघांनी चालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाणाऱ्या या ट्रेलबद्दल मराठी जोडप्यांचे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही बे एरिया किंवा लॉस एंजेलिसला राहणाऱ्यांचे, काही पुण्या-मुंबईहून सुट्टी जमवून जाऊ पाहणाऱ्यांचे. मार्गाचे नकाशे सगळीकडे मिळतात. इथे भर आहे तो दोन माणसांनी, पोर्टर-खेचराशिवाय, सगळं पाठीवर घेऊन तीन आठवडे चालताना काय बदलतं यावर.

ट्रेल नेमकी कुठून कुठे जाते?

उत्तरेला योसेमिटी व्हॅलीतलं हॅपी आइल्स (साधारण १,२३० मीटर) आणि दक्षिणेला माउंट व्हिटनीचं शिखर (४,४२१ मीटर). अंतर २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किमी. पण शिखरावर चालणं संपत नाही. तिथून व्हिटनी पोर्टल या गाडीरस्त्याच्या टोकापर्यंत आणखी १७ किमी उतरावं लागतं, म्हणून हिशोब ३५७ किमीचा धरा. एकूण चढाई सुमारे १४,००० मीटर भरते. बांधकाम १९१५ मध्ये सुरू झालं आणि १९३८ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला.

किती दिवस लागतात?

सुदृढ पण पहिल्यांदाच इतकं लांब चालणाऱ्या जोडप्याने १९ ते २१ दिवस धरावेत. हॅपी आइल्स ते टुऑलमी मेडोज ३७ किमी, दोन-तीन दिवस. तिथून रेड्स मेडो ५६ किमी, तीन-चार दिवस. रेड्स मेडो ते म्यूर ट्रेल रँच सुमारे ८० किमी, चार-पाच दिवस. शेवटचा तुकडा, रँच ते व्हिटनी पोर्टल, १८० किमीच्या आसपास आणि नऊ-दहा दिवसांचा.

बरीच जोडपी हे गणित जो जास्त चालू शकतो त्याच्या वेगाने मांडतात आणि पाचव्या दिवशी ते कोसळतं. दोघांपैकी जो हळू चालतो त्याचा, सॅकसह, सलग तिसऱ्या दिवशीचा वेग धरा. शनिवारी सिंहगड किती मिनिटांत चढला, हा आकडा इथे उपयोगाचा नाही.

परमिट कसं मिळतं? दोघांनी वेगवेगळे अर्ज केले तर संधी वाढते का?

उत्तरेकडून निघायचं तर योसेमिटी नॅशनल पार्कचं वाइल्डरनेस परमिट लागतं. रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर, निघण्याच्या तारखेच्या २४ आठवडे आधी, त्या आठवड्याची सोडत निघते. साधारण ६० टक्के जागा सोडतीत जातात आणि उरलेल्या निघण्याच्या सात दिवस आधी खुल्या होतात. अर्ज भरताना ‘डोनोह्यू पास एलिजिबल’ असं लिहिलेलाच प्रवेशमार्ग निवडा. साध्या परमिटवर डोनोह्यू खिंड ओलांडून योसेमिटीबाहेर जाता येत नाही. या एकाच परमिटवर पुढची सगळी उद्यानं आणि व्हिटनीचा उतार येतो.

दोघांचा अर्ज एकच, दोन माणसांसाठी करा. एकाचं नाव गटप्रमुख आणि दुसऱ्याचं पर्यायी गटप्रमुख म्हणून अर्जातच टाका. परमिट घेताना या दोघांपैकी एक जण ओळखपत्रासह लागतो. गटप्रमुख आजारी पडला आणि दुसरं नाव नोंदलेलंच नसेल तर परमिट हातचं जातं.

भारतातून येणार असाल तर व्हिसा आधी, सोडत नंतर. मुलाखतीची तारीख मिळायलाच २४ आठवड्यांहून जास्त लागू शकतात.

स्टोव्ह वापरण्यासाठी कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिटही काढून ठेवा. ते मोफत आहे आणि ऑनलाइन काही मिनिटांत मिळतं.

दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललं तर?

चालतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही सुचवत नाही. दक्षिणेला सुरुवातच २,५०० ते ३,००० मीटरवर होते आणि सर्वांत उंच खिंडी पहिल्या आठवड्यात येतात, तेही सॅक सर्वांत जड असताना. उत्तरेकडून उंची हळूहळू वाढत जाते: डोनोह्यू ३,३७० मीटर, सिल्व्हर आणि सेल्डन ३,३००च्या आसपास, मग म्यूर ३,६४४, मॅदर आणि पिंचो ३,७००च्या जवळ, ग्लेन ३,६५०, आणि शेवटी फॉरेस्टर ४,००९. शरीराला यापेक्षा चांगला क्रम मागता येणार नाही.

कोणता महिना?

जुलैचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. त्याआधी खिंडींवर बर्फ आणि ओढ्यांना पूर असतो. २०१७, २०१९ आणि २०२३ सारख्या भरपूर हिमवर्षावाच्या वर्षी हे जुलै उलटेपर्यंत चालतं. जूनअखेरपासून जुलैभर डास इतके असतात की जेवण तंबूतच उरकावंसं वाटतं, आणि अस्वलांच्या भागात तंबूत जेवणं हा पर्याय नाही. २० टक्के पिकारिडिनचं औषध, डोक्यावरची जाळी आणि परमेथ्रिन मारलेले कपडे, तिन्ही लागतात.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा डासांविना जातो. पण रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाऊ शकतो, वणव्याचा धूर येऊ शकतो आणि मधली रसदकेंद्रं हंगाम आवरायला लागलेली असतात. त्या वर्षीच्या उघडण्या-मिटण्याच्या तारखा पाहिल्याशिवाय आराखडा पक्का करू नका.

ओझं निम्मं-निम्मं वाटायचं ना?

नाही. ओझं वाटायचं ते शरीराच्या वजनाच्या प्रमाणात. इतक्या लांब चालीला सॅकचं सरासरी वजन शरीराच्या पाचव्या भागाइतकं असावं. रसद भरल्यानंतरचे एक-दोन दिवस ते चौथ्या भागापर्यंत गेलं तर सोसता येतं. एकाचं वजन ७० किलो आणि दुसऱ्याचं ५५ असेल तर सरासरी १४ आणि ११ किलो. प्रत्येकाने साडेबारा घेतले तर ७० किलोच्या माणसाला फरक कळत नाही, पण ५५ किलोच्या माणसाचे गुडघे चौथ्या दिवशी उतारावर बोलू लागतात. दुखणं नेहमी उतारावर सुरू होतं, कारण तिथे प्रत्येक पावलाला सॅकचं वजन गुडघ्यावर आदळतं.

आधी फक्त सामायिक सामान तोला. दोघांचा तंबू सुमारे दीड किलो, स्टोव्ह आणि भांडं ३५० ग्रॅम, पाण्याचा फिल्टर १०० ग्रॅम, औषधपेटी ३०० ग्रॅम, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र १०० ग्रॅम, २०,००० एमएएचची पॉवर बँक ३५० ते ४०० ग्रॅम. त्यात अन्न, गॅस आणि दोन बेअर कॅनिस्टर (अस्वलाला उघडता न येणारे अन्नाचे डबे) मिळवा. प्रत्येकाचं वैयक्तिक सामान वेगळं तोला आणि सामायिक सामान अशा रीतीने वाटा की बेरीज वरच्या प्रमाणात येईल. अन्न रोज कमी होतं, तंबू होत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे अन्न जास्त त्याची सॅक रोज हलकी होते आणि तंबूवाल्याची तशीच राहते. दर दोन-तीन दिवसांनी वाटणी नव्याने करा, आणि ती सकाळी निघताना करा. संध्याकाळी थकलेलं असताना केली तर वाद होतो.

मग कोणत्या गोष्टी अजिबात वाटून घेऊ नयेत?

एकट्याने एक रात्र काढायला जे लागतं ते प्रत्येकाकडे स्वतःचं असलंच पाहिजे: पावसाचं जॅकेट, उबदार थर, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, शिट्टी, नकाशा (फोनमध्ये ऑफलाइन आणि कागदावरही), एक लिटर पाणी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, दिवसभराचं खाणं, लायटर. तंबू आणि दोन्ही स्लीपिंग बॅगा एकाच सॅकमध्ये कधीही नकोत. ती सॅक ओढ्यात गेली किंवा ती घेतलेला माणूस पुढे निघून गेला, तर दुसऱ्याकडे रात्रीसाठी काहीच उरत नाही.

वजन वाचवायला दोघांत एकच हेडलॅम्प घेणारी जोडपी दिसतात. साठ ग्रॅमसाठी हा धोका पत्करू नका.

एक मोठी बॅग की दोन वेगळ्या?

दोन व्यक्तींचं क्विल्ट दोन स्लीपिंग बॅगांपेक्षा ४०० ते ६०० ग्रॅमनी हलकं पडू शकतं आणि ऊबही वाटली जाते. अडचण अशी की कूस बदलली की मधून गार वारा शिरतो, आणि एक जण आजारी पडून वेगळा निघाला तर पांघरूण एकच. वरच्या उत्तराच्या न्यायाने आमचा कल दोन वेगळ्या बॅगांकडे आहे, शक्यतो एकमेकींना चेनने जोडता येतील अशा.

बॅगेवरचे दोन आकडे नीट वाचा. ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल ते. दुकानात ठळक छापलेला आकडा बहुधा दुसरा असतो. ज्याला थंडी जास्त वाजते त्याने उणे ६ अंश कम्फर्टची बॅग घ्यावी. मॅटचं आर-मूल्य (गारवा अडवण्याची क्षमता) ४ च्या आसपास हवं. जमिनीतून लागणारा गारवा बॅग कितीही चांगली असली तरी थांबत नाही, कारण अंगाखाली दबलेल्या पिसांत हवाच उरत नाही.

दोघांना एक बेअर कॅनिस्टर पुरेल का?

नाही. ट्रेलच्या मोठ्या भागात कॅनिस्टर सक्तीचा आहे, आणि अन्नच नाही तर टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कचरा, वास असलेलं सगळं त्यातच ठेवायचं असतं. बेअरव्हॉल्टचा ५०० क्रमांकाचा डबा साडेअकरा लिटरचा, वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. दाटून भरला तर एका माणसाचं सात दिवसांचं अन्न बसतं. म्हणजे दोन डब्यांत चौदा माणूस-दिवस.

आता म्यूर ट्रेल रँचनंतरचा तुकडा बघा: दोन माणसं, नऊ ते दहा दिवस, म्हणजे अठरा ते वीस माणूस-दिवस. इतकं दोन डब्यांत बसत नाही. या हिशोबाकडे दुर्लक्ष करून गेलेले लोक रँचवर बसून अर्धं अन्न वाटून टाकताना दिसतात. त्यावर खरा उपाय एकच: सहा-सात दिवसांनी कियरसार्ज खिंडीतून (३,६०० मीटर) ऑनियन व्हॅलीला उतरून आणखी एकदा रसद घेणं. एका बाजूला साधारण १२ किमीची वाकडी वाट आहे. त्यात दीड-दोन दिवस जातात, पण इंडिपेंडन्स गावात एक रात्र पलंगावर झोप, अंघोळ आणि गरम जेवण मिळतं. फॉरेस्टर आणि व्हिटनी हलक्या सॅकने होतात हा फायदा वेगळाच.

डबा रात्री तंबूपासून तीस-चाळीस पावलांवर, सपाट जागी ठेवा. कड्याजवळ किंवा पाण्याजवळ नको, अस्वल तो लोळवत नेतं. गारठ्यात झाकणाची खिटी बोटांनी दबत नाही, तेव्हा जुनं प्लास्टिकचं कार्ड आत सरकवून ती दाबता येते. दोघांनीही झाकण उघडण्याचा सराव घरी करावा.

अन्न किती आणि कोणतं?

दर माणशी, दर दिवशी ७५० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न. पहिले चार-पाच दिवस उंचीमुळे भूक मरते, दुसऱ्या आठवड्यापासून दोघंही अखंड भुकेले असतात. त्यामुळे पहिल्या तुकड्यात कमी आणि रँचनंतर जास्त अशी मांडणी करा. दर १०० ग्रॅमला सरासरी ४२० ते ४५० कॅलरी पडायला हव्यात. शेंगदाणे साडेपाचशेच्या वर जातात, तूप नऊशेच्या जवळ, तांदूळ-पोहे साडेतीनशेवर थांबतात.

इथे मराठी स्वयंपाकघराचा फार उपयोग होतो, मात्र निवडून. सातूचं पीठ, दूधपावडर आणि किसलेला गूळ थंड पाण्यात कालवला की न्याहारी, गॅस न जाळता. पातळ पोहे, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, लिंबाची पावडर आणि मीठ घरून एकत्र करून नेलं तर दुपारी वाटीभर पाण्यात दहा मिनिटांत दडपे पोहे तयार. रात्री झटपट भात, मेतकूट आणि दोन चमचे तूप. शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी तिसऱ्या आठवड्यात सोन्याच्या मोलाची वाटते. तिळाचे लाडू आणि चिक्की खिशात. चिवडा, भडंग आणि कुरमुऱ्यांचं काहीही नको: कॅनिस्टर हवेने भरतो आणि पोट भरत नाही.

डाळ मात्र तिथे शिजत नाही. ३,३०० मीटरवर पाणी ८९ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्या तापमानाला तूरडाळ तासभर ठेवली तरी कणी राहते, गॅस संपतो. वरण घरी कुकरमध्ये मऊ शिजवा, हळद-हिंग-मीठ घाला, तेल-तूप अजिबात घालू नका (स्निग्धांश वाळत नाही आणि खवट होतो). डिहायड्रेटरच्या ताटलीवर पातळ पसरून ५७ अंशांवर आठ ते दहा तास वाळवा. कडकडीत तुकडे पडले आणि मध्ये ओलसर राहिलं नाही की पाकिटात भरा. मुगाची उसळ आणि बारीक फोडींची भाजीही अशीच वाळते. अख्खे हरभरे-राजमा आतून ओले राहतात, ते टाळा. खाताना कोरड्या वरणाच्या दुप्पट उकळतं पाणी ओतून, भांडं टोपीत किंवा जॅकेटात गुंडाळून वीस मिनिटं ठेवायचं. तूप त्यानंतर.

गॅस किती लागेल?

सकाळी चहा, रात्री जेवण आणि चहा, असं दोघांना रोज दोन लिटर पाणी उकळावं लागतं. वाऱ्याला आडोसा असेल तर ३५ ते ४० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे २३० ग्रॅमची एक टाकी सहा दिवस. आडोसा नसेल तर चारच. साध्या टपालाच्या रसदपेटीत गॅसची टाकी घालता येत नाही, मुक्कामाच्या दुकानातून विकत घ्या.

रसद कशी पाठवायची?

टुऑलमी मेडोज, रेड्स मेडो, व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट आणि म्यूर ट्रेल रँच ही नेहमीची ठिकाणं. सगळीकडे थांबायची गरज नाही. बहुतेक जोडप्यांना रेड्स मेडो, रँच आणि ऑनियन व्हॅली पुरतात. रँचला अन्न झाकणाच्या प्लास्टिक बादलीत पाठवावं लागतं, कारण पुठ्ठ्याची खोकी उंदीर कुरतडतात. बादली तुम्ही पोचण्याच्या किमान तीन आठवडे आधी टपालात पडली पाहिजे. दोघांच्या दहा दिवसांच्या अन्नाला एक बादली पुरत नाही.

पेटीत अन्नाबरोबर हेही टाका: ताजे मोजे, ओआरएस, टॉयलेटचं सामान आणि पुढच्या टप्प्याच्या नकाशाची कागदी प्रत. भारतातून येणाऱ्यांनी पेट्या कॅलिफोर्नियात पोचल्यावर भराव्यात. सनीव्हेल किंवा फ्रीमाँटच्या भारतीय दुकानांत बहुतेक जिन्नस मिळतात.

वेग जुळत नाही. एकाने पुढे जाऊन वाट पाहिली तर चालेल?

दिसण्या-ऐकण्याच्या टप्प्यात असाल तोवर चालेल. त्यापुढे तीन ठिकाणी पुढच्याने थांबायचंच: प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे आणि प्रत्येक खिंडीवर. मागचा आला की पुढच्याने लगेच उठून चालू लागू नये. पुढच्याची दहा मिनिटं विश्रांती झालेली असते, मागच्याची शून्य. दिवसभर असं झालं की हळू चालणारा माणूस अजिबात विश्रांती न घेता चालतो आणि संध्याकाळी तोच कोसळतो.

जोडपी चुकतात ती बहुधा एकाच कारणाने. एक जण शौचाला किंवा फोटोला वाटेवरून बाजूला जातो, मागचा न बघता पुढे निघून जातो, आणि मग दोघंही समोरच्याला पुढे समजून वेगाने धावतात. बाजूला जाताना सॅक वाटेवर दिसेल अशी ठेवा. चुकामूक झाली तर दोघांनीही शेवटी एकत्र होता त्या जागी परत यायचं, हे निघण्याआधी ठरवून ठेवा. मोबाइलला बहुतेक ट्रेलवर रेंज नाही.

चढावर हळू चालणारा पुढे असावा.

उंचीचा त्रास एकालाच झाला तर?

असंच होतं बहुधा. तंदुरुस्तीचा त्याच्याशी संबंध नाही, रोज धावणाऱ्यालाही होतो. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा अतोनात थकवा असेल तर त्या दिवशी आणखी चढू नका. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि उपग्रह यंत्रावरचं एसओएसचं (मदत मागण्याचं) बटण दाबायचं. आजारी माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो; त्याचं ऐकू नका. सरळ रेषेत, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर निर्णय झाला.

‘खाली’ म्हणजे कुठे, हे रोज सकाळी नकाशावर पाहून ठेवा. या ट्रेलवर जवळची बाहेरची वाट कित्येकदा आणखी एका उंच खिंडीतून जाते. म्यूर आणि मॅदर खिंडींच्या मधली लेकॉन्ट कॅन्यन २,६५० मीटरवर आहे आणि तिथे उन्हाळ्यात रेंजरचं ठाणं असतं. म्यूर खिंडीवर त्रास झाला तर तिथवर उतरणं हा खरा उपाय. बिशप खिंडीतून बाहेर पडायला आधी पुन्हा ३,६५० मीटर चढावं लागतं. म्यूर खिंडीवरची १९३० सालची दगडी झोपडी वादळात आसऱ्याला आहे, मुक्कामाला नाही.

डायमॉक्स प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांशी बोलूनच घ्या, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. घरी एक-दोन दिवस घेऊन पाहिलेलं बरं. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, ते वाटेवर पहिल्यांदा कळू नये.

ओढा दोघांनी कसा ओलांडायचा?

सकाळी. बर्फ दिवसा वितळतो, त्यामुळे संध्याकाळी सर्वांत जास्त पाणी असतं. बूट काढू नका, कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, मोबाइल कोरड्या पिशवीत. जड माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोघंही वरच्या दिशेला तोंड करून, एका वेळी एकानेच पाऊल हलवायचं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर वर-खाली अर्धा किलोमीटर फिरून पसरट जागा शोधा. इव्होल्यूशन क्रीकला पाणी जास्त असेल तर नेहमीच्या जागेऐवजी वरच्या कुरणाजवळ ओलांडतात, तिथे पाणी संथ आहे. दोर बांधून ओलांडू नका, पडलेला माणूस दोरामुळे पाण्याखाली दाबला जातो.

विजांचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग उभे राहतात. बाराच्या आत खिंड ओलांडलेली असावी, म्हणजे मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी आणि निघणं सहाच्या सुमारास. उघड्यावर सापडलात तर एकमेकांपासून तीस मीटर दूर व्हा. घट्ट धरून बसावंसं वाटतं, पण एकच वीज दोघांना लागली तर मदत करायला कोणी उरत नाही.

पिण्याचं पाणी?

भरपूर आहे, पण शुद्ध करूनच. एकाकडे फिल्टर, दुसऱ्याकडे क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या. फिल्टर गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून थंड रात्री तो बॅगेत घेऊन झोपा.

शौच आणि मासिक पाळी?

पाणी, वाट आणि तंबूपासून साठ मीटर दूर, १५ ते २० सेंमी खोल खड्डा. टॉयलेट पेपर पुरायचा नसतो, बरोबर न्यायचा असतो. पाण्याने धुणाऱ्यांचा इथे थेट फायदा आहे: बाटलीला बसणारं वीस-तीस ग्रॅमचं बिडे झाकण घेतलं की कागद न्यायचा-आणायचा प्रश्नच मिटतो. मात्र ती बाटली वेगळी, प्रत्येकाची स्वतःची, आणि नंतर साबणाने हात धुणं टाळायचं नाही. जोडप्यांत पोट बिघडतं ते पाण्यापेक्षा हातांमुळे जास्त, आणि एकाचं बिघडलं की दोन दिवसांत दुसऱ्याचं. शेंगदाण्याच्या पुडीत हात न घालता ती हातावर ओतून घ्या.

व्हिटनीच्या भागात मैला पुरायला बंदी आहे. तो रसायनयुक्त पिशवीत भरून खाली आणावा लागतो. अशा पिशव्या माणशी दोन ठेवा.

पाळी उंचीमुळे आणि श्रमामुळे पुढेमागे होऊ शकते, तारखेवर विसंबून सामान कमी करू नका. मेन्स्ट्रुअल कप सवयीचा असेल तर सर्वांत सोयीचा. पहिला प्रयोग ट्रेलवर नको. वापरलेली पॅड्स दुहेरी अपारदर्शक पिशवीत, कॅनिस्टरमध्ये. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घेऊन बरोबर ठेवा.

सह्याद्रीत तयारी पुरेशी होते का?

पायांची होते, उंचीची नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि टुऑलमीचं पठारच २,६०० मीटरवर. पण राजगड–तोरणा जोडून, सॅकमध्ये बारा किलो घेऊन, सलग दोन दिवस चालणं ही उत्तम परीक्षा आहे. सिंहगड आतकरवाडीतून सकाळी चढून-उतरून पुन्हा चढून-उतरला की १,२०० मीटरची चढाई होते, जी या ट्रेलवरच्या अवघड दिवसासारखी आहे. निघण्याआधी किमान चार महिने आठवड्यातून एकदा, वजन वाढवत. आणि एकदा तरी दोघांनी पावसात तंबू लावून रात्र काढावी, तंबू लावताना कोण काय करतं हे तिथेच ठरतं.

निर्णयावर वाद झाला तर?

पुढे जाण्यासाठी दोघांची संमती लागते, मागे फिरण्यासाठी एकाची. हा नियम घरीच मान्य करा आणि वाटेवर त्यावर चर्चा करू नका. दुसरं, उपाशीपोटी निर्णय नको. दुपारी तीन-चारच्या सुमारास जे वाद होतात त्यांतले बरेच मूठभर शेंगदाणे आणि ओआरएस घेतल्यावर उरतच नाहीत. एकाने थांबायचं ठरवलं तर दोघांनीही बाहेर पडावं. दमलेला किंवा आजारी माणूस एकटा ४० किमी चालत गाडीरस्त्याला लागेल, हे गृहीत धरू नका.

व्हिटनीचा दिवस कसा आखायचा?

गिटार लेकला (सुमारे ३,५०० मीटर) मुक्काम, पहाटे निघणं. शिखराच्या तीन किमी अलीकडे, फाट्यावर, बहुतेक जण सॅक ठेवतात आणि पाणी, खाणं, उबदार कपडे घेऊन वर जातात. सॅकमध्ये अन्नाचा कण ठेवू नका आणि तोंड उघडं सोडा, नाहीतर मार्मोट (खारीच्या कुळातले मोठे प्राणी) कापड कुरतडून आत शिरतात. शिखरावरून पोर्टलपर्यंत जवळजवळ १,९०० मीटर उतार आहे. बहुतेक गुडघे याच दिवशी जातात. काठ्या नीट लांब करून घ्या, दर तासाला थांबा, आणि जड सामान त्या दिवशी पुन्हा एकदा वाटून घ्या.

व्हिटनी पोर्टलहून परत कसं यायचं?

पोर्टल ते लोन पाइन गाव २१ किमी. नियमित बस नाही. आधी ठरवलेली शटल किंवा उतरणाऱ्या दुसऱ्या ट्रेकर्सची गाडी. लोन पाइनहून ईस्टर्न सिएरा ट्रान्झिटची बस उत्तरेला मॅमथ आणि रीनोकडे जाते, पण रोज नाही, म्हणून बसचा दिवस पाहून शेवटच्या आठवड्याचं गणित मांडा. गाडी योसेमिटीत ठेवली असेल तर मॅमथहून उन्हाळ्यात यार्ट्सची बस टायोगा खिंडीतून व्हॅलीत जाते. भारतात परतीचं विमान असेल तर लोन पाइनला पोचण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांत किमान तीन दिवस मोकळे ठेवा.